पूजेला बसलेली हत्यारं

थोरली किंचाळली तेव्हा रुद्राणीच्या कपाळावरची इबूत अजून ओली होती.

किंचाळली म्हणजे अशीतशी नव्हे. सासूचं, काशम्माचं, ऐकाल तर तो आवाज थेट अक्कलकोटात गेला, आणि तिथं एका बाईच्या हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीत पडली. धाकट्या दिराचं, विरुपाक्षाचं, ऐकाल तर शेजारच्या घरानं तरी ऐकला की नाही, शंकाच आहे.

"कुनाच्या भाकरीला कायसुदिक झालेलं न्हाय, अव्वा," तो म्हणाला. "पट्टा कुटंतरी घासला. बास."

"तू गेलतास का बघायला अक्कलकोटात?"

"तू गेलतीस?"

"मला जावं लागत न्हाय. मला कळतं."

रुद्राणी तोवर खाली उतरली होती. चावी तिनं कधीच फिरवली होती, कारण आवाज तिला कानांआधी पायांत कळला होता. गाडीच्या पोटाखाली पाण्याचा ओघळ चालला होता, पुढच्या चाकाजवळची रांगोळी वाहून चालली होती, आणि वाफेचा असा लोट उठला होता की ओट्यावर उभा असलेला तिचा नवरा धोंडप्पा क्षणभर दिसेनासा झाला. दिसायला लागला तेव्हा तो खाली मान घालून बसला होता. तेव्हा तिला वाटलं, कंबर दुखली असेल.

आता थोरली म्हणजे घरची बस. वयानं धोंडप्पा आणि विरुपाक्ष दोघांच्या मागून आलेली, पण अंगानं घरात सगळ्यांत मोठी, म्हणून सासऱ्यांनी, गुरुलिंगअप्पांनी, तिचं नाव थोरली ठेवलं. पोटाला लेक नव्हती; हीच माझी लेक, म्हणायचे. त्या हिशेबानं ती रुद्राणीची नणंद लागत होती, आणि नणंदेसारखीच वागत होती. वर्षभर गुमान चालायची आणि सणाच्या तोंडावर रुसून बसायची.

आजचा रुसवा मात्र भलत्या वेळेला आला. आज खंडेनवमी. उद्या दसरा. आणि गुरुलिंगअप्पांनी घालून दिलेला घरचा नेम असा, की दसऱ्याला जी गाडी शीव ओलांडत नाही ती दारात ठेवायची नाही. घरची शीव म्हणजे मंगळवेढ्याच्या वाटेवरचा सीना नदीचा पूल. अप्पा होते तोवर ते स्वतः थोरलीला पूल ओलांडून आणायचे. मग धोंडप्पानं आणलं. त्याची कंबर गेल्यावर घरात प्रश्न उभा राहिला, की आता कोण?

"मी," रुद्राणी म्हणाली होती. तिनं मोठ्या गाडीचं लायसन काढलं होतं, गाडीचं पासिंग करून आणलं होतं, आणि कामती भागातल्या गावांतून फिरून दिवाळीनंतर पोरींना कॉलेजला आणा-न्यायचं कामही ठरवून आली होती. त्या पोरींच्या आयांनी तिला दारात ओवाळलं होतं. विरुपाक्षाला हे पटत नव्हतं. त्यानं अकलूजचं एक गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. त्या माणसाला चाकं काढून थोरलीत वडापावचं हॉटेल थाटायचं होतं. शेवटी श्रावणात सगळ्यांसमोर ठरलं: दसऱ्याला रुद्राणीनं घरच्या माणसांना घेऊन पूल ओलांडला, तर गाडी तिची. नाही ओलांडला, तर अकलूजची.

रुद्राणीनं ड्रायव्हरच्या शेजारचं इंजिनाचं झाकण उचललं, वाफ जाऊ दिली आणि पंख्यामागं हात घातला. पाण्याच्या पंपाची पुली पडायला आलेल्या दातासारखी हलत होती. हा पंप पाणी फिरवतो म्हणून इंजिन थंड राहतं. हाच बसला, तर पूल कशाचा, गाडी नाक्यापर्यंतसुद्धा जायची नाही.

"पंप गेला," ती म्हणाली.

"मग बदला," विरुपाक्ष म्हणाला. पांढराशुभ्र नवा सदरा घालून तो हात लांब ठेवून उभा होता. "मी अडवलंय का? पन वैनी, कशानं बदलताय?"

घरातली सगळी हत्यारं घटापुढं पाटावर बसली होती. पाने, पक्कड, जॅक, हातोडी, सगळ्यांना हळदीकुंकू लागलं होतं, वर झेंडू वाहिला होता, आणि वरून नवरात्राच्या तळलेल्या कडाकण्या लोंबत होत्या. खंडेनवमीला पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याला सोनं वाटल्याशिवाय उचलायचं नाही. रुद्राणीनं गावातल्या दोन-तीन गॅरेजांना फोन लावले. सगळीकडं तेच उत्तर: हत्यारं बसल्यात ताई, आता परवाच बगू.

"बगा," विरुपाक्ष म्हणाला. त्याच्या बोलण्यात आनंद नव्हता, हे मात्र तिनं टिपलं. "वाईट मलाबी वाटतंय, वैनी. पन उद्या पुलावर बंद पडली असती तर? तुमच्या त्या पोरी आत असताना बंद पडली तर?"

याचं उत्तर पंपाकडं होतं.

काशम्मानं लुगड्याचा पदर खोचला. "रुद्री, रिक्षा बोलव. खाजाकडं जाऊ. त्याच्याकडं कसली आलीय खंडेनवमी?"

* * *

सात रस्त्याच्या मागच्या बोळात खाजाभाईंचं रेडिएटर आणि पंपाचं दुकान. मागं घर, पुढं दुकान. रिक्षातून उतरताच रुद्राणीनं वाकून आत बघितलं. शटर अर्धं खाली होतं. आत फळीवर स्वच्छ फडकं अंथरलेलं, त्यावर पाने, पक्कड, हातोडी ओळीनं मांडलेली, आणि प्रत्येकावर हळदीकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल.

"खाजा," काशम्मा म्हणाली, "हे काय रं?"

"काय म्हणजे?" खाजाभाई खुर्चीतून उठले. "अम्मा, तुमीच तर शिकवलं. आमच्या अब्बांना त्या पान्याची गोष्ट कुणी सांगितली व्हती?"

काशम्मा गप्प बसली. आता बघा, ही बाई गप्प बसणं म्हणजे सोलापुरात बर्फ पडण्यातला प्रकार.

गोष्ट रुद्राणीला ठाऊक होती. सगळ्या खानदानाला ठाऊक होती. खाजाभाईंचे वडील सकाळी शटर उघडत ते अंधार पडल्यावर खाली ओढत. सण नाही, सुट्टी नाही. तेव्हा तरण्या काशम्मानं त्यांना सांगितलं होतं, की मंगळवेढ्याच्या एका लोहारानं खंडेनवमीला पाना उचलला. तर पान्यानं तोंड फिरवलं, हातातून टुणकन उडी मारली, आणि खणखण करत रस्त्यानं चालत निघाला. लोहार मागं, पाना पुढं! अक्कलकोटच्या वेशीपर्यंत चालत गेला म्हणे, आणि नंतर जन्मात त्यानं एक नट फिरवला नाही. म्हाताऱ्यानं गोष्ट खरी मानली की मानल्यासारखं केलं, देवजाणे. पण तेव्हापासून या दुकानात खंडेनवमीला पाना हलत नव्हता.

आतून खाजाभाईंच्या बायकोचा, अजीजाभाभींचा, आवाज आला, "काकू, ती गोष्ट अजाबात मोडू नका! वर्षात तेवढा एकच दिवस हे घरात गरम जेवत्यात!"

"मोडत न्हाय गं," काशम्मा म्हणाली आणि स्टुलावर बैठक मारून बसली. रुद्राणीनं सासूच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला धीर आला. म्हातारीच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं होतं. "मोडत न्हाय. पुरी करते. खाजा, तुझ्या बापाला मी अर्धीच सांगितली व्हती. तो मधीच च्या आनायला उटला."

"अच्छा?"

"मग! त्यो पाना चालत निघाला, बरोबर? वळसंगला आला. दमला. लोखंडाचा जीव, ऊन किती! हिरीच्या काठावर बसला. तितं एक गाडी उभी. बैलगाडी. चाकाचा कणा सुटलेला, आनि आत एक पोर, माहेराला निगालेली, डोळ्याला पदर लावून बसलेली. पान्यानं इचारलं, 'का रडतीस गं?'"

"पान्यानं इचारलं?"

"तोंड असतंय की त्याला! दोन-दोन तोंडं असत्यात! तर ती म्हनली, 'आई वाट बगत असंल, आनि आज कुनी हत्यार उचलत न्हाय.' झालं! पाना उटला आनि सरळ तिच्या वटीत जाऊन पडला. म्हनला, 'बाई, मी सगळ्यांवर रुसीन, माहेरवाशिनीवर कसा रुसू?' कणा बसवला, पोर माहेरी गेली. तवापासनं रीतच पडली. खंडेनवमीला घरच्या माहेरवाशिनीनं हत्यार उचललं तर चालतंय."

खाजाभाईंची दाढी हलत होती. हसू दाबत होते.

"अम्मा, हे आत्ता बनवलं ना?"

"बनवलं म्हन न्हायतर आटवलं म्हन. तुझ्या घरात माहेरवाशीन हाय का न्हाय, तेवढं सांग."

होती. आतल्या दारात उभीच होती. खाजाभाईंची झीनत कालच विजापूरहून माहेरपणाला आलेली. ओढणीला हात पुसत पुढं आली.

"अब्बा, पाना गोष्टीतला हाय, पन पंप खरा हाय. कुटली गाडी, आजी? थोरली?" तिचे डोळे लकाकले. "तिचा पंप मी शादीच्या आदी खोललाय. मागचा एक बोल्ट लई हरामी हाय तिचा. अजून तसाच हाय का?"

"तसाच हाय," रुद्राणी म्हणाली. दोघींची ओळख एवढ्या एका वाक्यात झाली.

खाजाभाईंनी फळीवरच्या फुलांकडं बघितलं. त्यांची अडचण रुद्राणीला कळत होती. गोष्ट खोटी असेल, पण वडिलांनी पाळलेली होती. शेवटी त्यांनी खुंटीवरची टोपी काढली.

"मी नमाजला चाललो," ते म्हणाले. "मी काय बघितलं न्हाय, ऐकलं न्हाय." उंबऱ्यावर थांबले, आणि पाठमोरेच बोलले, "वरच्या फळीवर एक पंप नवी सील, नवी बेरिंग घालून बांधून ठेवलाय. त्याला हळदीकुंकू लागलेलं न्हाय. त्यो कुनीबी न्यावा."

झीनतनं फडक्यासमोर उभं राहून क्षणभर हात जोडल्यासारखे केले. फुलं उचलून बाजूला ठेवली. मग हत्यारं घेतली, हळदीकुंकवासकट.

* * *

अंगणात सगळं घर गोळा झालं होतं, आणि काशम्माची पान्याची नवी गोष्ट सगळ्यांना ऐकवून झाली होती. झीनतनं ओढणी कंबरेला बांधली, थोरलीच्या पुढ्यात उभी राहिली आणि पुढच्या पत्र्यावर थाप मारली. "सलाम, थोरल्या बाई. काय ढंग चालवलेत हे?"

मग जे काम चाललं ते रुद्राणी डोळे भरून बघत राहिली. उरलंसुरलं पाणी काढलं. पट्टा ढिला केला. पंखा सोडवून ओट्यावर ठेवला. झीनतचा पाना नटावर बसायचा तो न बघता बसायचा. बाई बोलत असायची विजापूरच्या सासूबद्दल, आणि हात आपले वेगळ्याच घरचे असल्यासारखे काम करायचे. ज्याला ती हरामी म्हणाली होती त्या बोल्टाशी मात्र ती लाडानं बोलली. तेल सोडलं, थोडी थांबली, हलकेच ठोकलं, पुन्हा थांबली. "ह्याला दाबलं की तुटतोय. मनवायचा असतोय," ती रुद्राणीला म्हणाली. "गाडी तूच चालवनार ना? मग हितं ये, लांबनं काय बघतीस?"

रुद्राणी जवळ सरकली. बोल्ट कुरकुरला आणि सुटला.

पंप हातात आला, आणि झीनत थबकली. पुलीच्या मागं दांड्याला काहीतरी गच्च गुंडाळलेलं होतं. तिनं पक्कडीनं टोक धरलं आणि ओढलं. निळी नायलॉनची दोरी. ओढत गेली तशी येतच राहिली, आणि तिला अडकलेल्या केशरी पाकळ्या खाली गळत राहिल्या.

"हार!" झीनत म्हणाली. "इंजिनाला हार कुनी घातला?"

रुद्राणीनं ओट्याकडं बघितलं. धोंडप्पाची मान आणखी खाली गेली होती. आता तिला कळलं, कंबर नव्हती दुखत. पहाटे उठून त्यानं स्वतः झेंडू ओवले होते. थोरलीच्या तोंडाला हार घालून झाल्यावर त्यानं झाकण उचलून आत, राबणाऱ्या इंजिनालाही एक घातला असणार. हा माणूस तसाच होता. जेवायला बसला तरी आधी वाढणारीला विचारायचा, तू जेवलीस का. तिला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

विरुपाक्षही भावाकडंच बघत होता. बोलायला त्याला एवढी आयती संधी पुन्हा आली नसती. पतसंस्थेत तो लोकांच्या सह्या तपासायचा. चूक दिसली की गप्प बसणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"मी घातला," विरुपाक्ष म्हणाला.

सगळ्यांनी माना वळवल्या. धोंडप्पानंही.

"तू?" काशम्मा म्हणाली. "पहाटं पूजेच्या वक्ताला तर तू न्हानीत व्हतास. टावेल द्या म्हनून बोंबलत व्हतास."

"त्याच्या आदी घातला. अंधारात." त्याचे कान लाल झाले. "दोरी जरा जास्त झाली. दादाचा काय संबंध न्हाय."

काशम्मा पुढं झाली आणि तिनं धाकट्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "बाई बाई! आयुष्यात पयल्यांदा थाप मारली माझ्या लेकरानं. कच्ची हाय. पन मारली!"

"विरू," धोंडप्पा ओट्यावरून म्हणाला, "अरं..."

"तू गप रं दादा. कंबर सांबाळ."

झीनत तोवर जुना पंप उलटासुलटा करून बघत होती. दांडा तिनं बोटानं हलवला. "कुनीबी घातला असू द्या, त्याचे पाय धुवून पाणी प्या," ती म्हणाली. "ही बेरिंग आदीच खलास झालेली. दोरीनं नुस्ता शेवटचा धक्का दिला. हार नसता, तर उद्या हा पंप पुलावर गेला असता, सगळी आत बसल्यावर. दारात गेला हे नशीब."

धोंडप्पानं तोंडावरून उपरणं फिरवलं. पुसलं काय, ते रुद्राणीनं बघितलं नाही, मुद्दामच.

मग झीनतनं जाड कागद पंपाच्या तोंडावर धरला आणि हातोडीनं कडेकडेनं टुकटुक करत, सांध्यातून पाणी गळू नये म्हणून लागणारं गॅस्केट कापलं. लाटलेल्या पोळीला कातणं फिरवावं तसा कागद गोल सुटून आला. जुना चिकटलेला कागद खरवडला, जागा बोटानं चाचपली, पुन्हा खरवडली.

"आता लांब हाताचं कुनीतरी पायजे. खालून पंप धरायचा. अजाबात हलायचं न्हाय, कागद सरकला की सगळं पुन्हा."

रुद्राणी पुढं होणार, तोवर विरुपाक्ष गाडीखाली शिरलासुद्धा. पांढऱ्या सदऱ्यासकट. खालून त्याचा आवाज आला, "हत्यार न्हाय उचलत मी, नुस्ता हात लावतोय. चालतंय न्हवं, अव्वा?"

"चालतंय! त्या गोष्टीत बैलानंबी डोकं लावलं व्हतं कण्याला!"

"अव्वा, बैलाचं आदी सांगितलं नव्हतंस."

"आदी तू गाडीखाली नव्हतास की!"

बोल्ट एकदम आवळले नाहीत. हा थोडा, मग समोरचा थोडा, फिरून पुन्हा पहिला. काशम्मानं सिद्धेश्वराच्या तळ्यातलं तीर्थ आणून धरलं, हे आधी घाल म्हणाली. झीनत म्हणाली, "तीर्थ तुमी प्या आजी, हिला कुलंट पायजे. आनि बोअरचं पाणी तर नावालासुदिक न्हाय, आतून चुनखडी धरतीय."

कुलंट भरलं. रेडिएटरची टोपी उघडी ठेवून रुद्राणीनं चावी फिरवली. थोरली खोकली, आणि लागली. आधी बुडबुडे आले, मग थांबले. इंजिनाची गरमी दाखवणारा काटा हळूहळू वर चढला, मध्यावर आला. सगळं अंगण त्या काट्याकडं बघत होतं. तो तिथंच राहिला.

विरुपाक्ष गाडीखालून निघाला तेव्हा सदरा कुठला आणि माणूस कुठला ओळखू येत नव्हतं.

"हितं फिरवून काय उपेग," तो ग्रीस पुसत म्हणाला. "खरं उद्या कळंल. पूल ओलांडल्यावर बोलू."

रुद्राणीनं मान हलवली. एवढं तर तिलाही मान्य होतं.

* * *

दसऱ्याला सकाळी थोरली निघाली. पुढच्या सीटवर काशम्मा, मागं धोंडप्पा उशी टेकून, त्याच्या मागं झीनत, मांडीवर पाण्याचा कॅन घेऊन. खाजाभाई गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले होते आणि काल आपण नमाजला होतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

विरुपाक्ष बसला नाही. रुद्राणीच्या मागं दांड्याला धरून उभा राहिला, आणि रस्ता सोडून काट्याकडं बघत राहिला. तिऱ्ह्याच्या अलीकडं ऊन तापलं. उसाच्या ट्रॅक्टरमागं थोरली रांगायला लागली, वारा मिळेना, काटा मध्याच्या वर सरकला. रुद्राणीनं घाई केली नाही. समोरचा रस्ता बघितला, जागा मिळताच गियर बदलला आणि ट्रॅक्टर मागं टाकला. वारा आत शिरला. काटा जरा घुटमळला आणि मध्यावर परतला.

"हां," मागून झीनत म्हणाली. एवढंच.

पूल दिसायला लागला तेव्हा विरुपाक्षाचा फोन वाजला. त्यानं बघितलं. अकलूजहून होता. रुद्राणीनं आरशातून त्याचा चेहरा बघितला, आणि पुन्हा रस्त्याकडं नजर लावली. पुढची चाकं पुलावर चढली.

"हॅलो. व्हय, बोलतोय की... बसचं ना?" खाली सीनेचं पाणी संथ चाललं होतं. "माझ्याशी बोलून उपेग न्हाय, सायेब. मालकीन गाडी चालवतेत. इकनार न्हाईत त्या, मीच सांगतो... न्हाय, न्हाय, पक्कं."

मागची चाकं पूल उतरली.

रुद्राणीनं मागं वळून बघितलं नाही. पुढं रस्ता मोकळाच होता, तरी तिनं हॉर्न दिला, लांबलचक.